सव्वाचारची नोंद

बसा. त्या यूपीएसच्या डब्यावर नको, तो तापतो. खुर्ची ओढून घ्या. चहा सांगितलाय.

तुम्ही आजपासून या खोलीचा चार्ज घेणार. किल्ल्या देतो, पासवर्डचं पाकीट देतो, सगळं देतो. पण त्याआधी एक गोष्ट सांगणार आहे. गोष्ट चोरीची आहे, आणि चोर तुमच्यासमोर बसलाय, तेव्हा मधनं उठू नका.

मी शाम लोहार. सगळे शामअण्णा म्हणतात. शिक्षण आठवी. केबल टीव्हीच्या तारा ओढत ओढत नेटवर्कमध्ये आलो आणि इथंच म्हातारा झालो. तुम्ही कॉलेजातून आलाय, तुम्हाला पुस्तकातलं सगळं माझ्यापेक्षा जास्त ठावं. पण चार गोष्टी पुस्तकात नसतात, त्या सांगतो. तारेला चिठ्ठी लावायची ती दोन्ही टोकांना. एका टोकाला लावली तर न लावल्यासारखीच. एका वेळी एकच बदल करायचा, आणि केला की हात मागं घेऊन बघत बसायचं. सोमवारी आठवडी बाजार असतो, आपल्या केंद्रांवर जनावरांची झुंबड, त्या दिवशी आणि त्याच्या आदल्या दिवशी कशालाच हात लावायचा नाय. बॅकअप घेतला म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. तो दुसऱ्या मशीनवर परत भरून उघडून बघितला, तरच तो आहे. चाचणीच्या मशीनची खिडकी काळी असू द्या, खऱ्या मशीनची लाल करा. आणि एका नावानं दोघांनी आत शिरायचं नाय. प्रत्येकाचं नाव वेगळं.

हे सगळं मी लोकांना शिकवत आलोय. लोक माना डोलवतात. यातल्या प्रत्येक गोष्टीमागं कुणाची तरी चूक आहे हे कुणी विचारत नाय. शेवटच्या तीन गोष्टींमागं माझी आहे. तिन्ही एकाच संध्याकाळच्या.

सतरा वर्षं झाली. आपला पशुपालक संघ तेव्हा लहान होता. माणदेशातली अडतीस केंद्रं, प्रत्येक केंद्रावर लशीचं थंड कपाट, आणि गावोगावच्या गाई-म्हशी-मेंढरांच्या कानात नंबरचा बिल्ला. कुठल्या जनावराला कुठली लस कधी दिली ते सगळं या खोलीत यायचं. आम्ही दोघं जण बघायचो. सकाळी नऊ ते पाच हणमंत मेटकरी, पाच ते दहा मी.

हणमंत धनगराचा. घरी मेंढरं, आणि हा डिप्लोमा करून आलेला. मला कमांड लिहायला त्यानंच शिकवलं. मी स्पेलिंग चुकलो की म्हणायचा, "लोहारा, ऐरणीवर घाव घालाय लागलास काय? कळ हाय ती, हळू दाब." दोघं एकाच नावानं मशीनमध्ये शिरायचो, अॅडमिन. कोण केव्हा आत होतं ते ड्युटीच्या वेळेवरनं कळायचं. बस्स झालं, असं वाटायचं.

त्याची एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. त्याची पोरगी वैजू दुसरीत होती. चारला शाळा सुटायची. बायको दवाखान्यात कामाला. म्हणून हा रोज चारला गुपचूप उठायचा, सायकल मारत शाळेत जायचा, पोरीला घेऊन साडेचार-पावणेपाचला परत. मी पाचला आलो की वैजू इथं, तुम्ही बसलाय तिथंच, पाय हलवत बिस्कीट खात बसलेली असायची. मला बघून म्हणायची, "शामकाका, आज माझं मशीन बंद पडलंय, दुरुस्त करा," आणि दप्तराची अडकलेली चेन पुढं करायची.

त्या दिवशीही मी चेन सोडवून दिली आणि ते दोघं गेले. मी एकटा. डिस्क भरत आली होती. चाचणीच्या मशीनवरचा कचरा साफ करायचा होता. दोन काळ्या खिडक्या उघड्या, एकसारख्या, एक चाचणीची, एक खरी. मी पुसायची कमांड लिहिली, एन्टर मारला, आणि मग कळलं की ही ती खिडकी नव्हे.

पावणेसहा वाजले होते. दोन लाख दहा हजार बिल्ल्यांची नोंद गेली. कुठल्या गाईला लस दिली, कुठलीला नाय, सगळं कोरं.

मला घाम नाय आला. म्हटलं बॅकअप आहे. रोज सकाळी हिरव्या अक्षरात यायचं, बॅकअप यशस्वी. उघडून बघतो तर आत काही नाय. आठ महिन्यांपूर्वी डिस्क भरली होती, तेव्हापासून ते मशीन रोज रिकामी फाईल लिहून यशस्वी म्हणत होतं. आठ महिन्यांत आम्ही दोघांपैकी कुणी ते एकदाही उघडून बघितलं नव्हतं.

मग घाम आला.

लॉग म्हणजे मशीनची रोजनिशी, तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात एक ओळ होती. अॅडमिन, पुसलं, पाच पंचेचाळीस. मी ती ओळ उघडली. पाच पंचेचाळीस खोडलं. चार पंधरा लिहिलं. वरखालच्या ओळी जुळवून घेतल्या. सहाच्या आत सगळं झालं. मग आमच्या वरच्या काटकर साहेबांना फोन लावला आणि म्हटलं, "साहेब, मी येऊन बघतोय तर डेटाच नाय."

चार पंधराच का? तीन का नाय, साडेचार का नाय? हे मी सतरा वर्षं स्वतःला विचारलंय, आणि उत्तर मला पहिल्या दिवसापासून ठावं आहे. चार पंधराला हणमंत खुर्चीत नसायचा. त्याला त्याची बाजू सांगायची झाली तर रोज ड्युटी सोडून जातो हे कबूल करावं लागणार होतं. त्यानं मला विश्वासानं सांगितलेली एकच गोष्ट होती, आणि मी नेमकी ती वापरली.

दुसऱ्या दिवशी काटकर साहेबांच्या केबिनमध्ये तिघं. साहेब तेव्हा नवे होते, कडक होते.

हणमंत म्हणाला, "साहेब, सव्वाचारला मी हितं नव्हतो."

"मग कुठं होतास?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर बघत होतो.

"शाळंत गेलतो. पोरीला आणाय."

"म्हणजे अॅडमिन उघडं टाकून?"

"न्हाय साहेब, बंद करून गेलतो. रोज बंद करून जातो."

"रोज?" साहेब म्हणाले. "रोज जातोस?"

झालं. तो जेवढं खरं बोलत गेला तेवढा आत आत रुतत गेला. साहेबांनी मला विचारलं, "शाम, तुला माहीत होतं हा रोज जातो ते?"

मी म्हणालो, "नाय साहेब."

हणमंत बाहेर आल्यावर जिन्यात एवढंच बोलला, "शामा, लॉगात सव्वाचार कसं काय आलं असंल रं?" भांडायला नाय, खरंच विचारत होता. मला कमांड शिकवणारा माणूस, माझ्याकडनं उत्तर मागत होता. मी म्हटलं, मशीन आहे, ते काय खोटं लिहितंय?

त्याला काढला. तो मेंढरांकडं परत गेला. आम्ही केंद्रावर केंद्रावर जाऊन कागदी पावत्यांवरून नोंदी परत भरल्या, चार महिने लागले, आणि त्या कामाबद्दल संघानं वार्षिक सभेत मला शाल-नारळ दिला.

चहा घ्या. निवतोय.

त्यानंतर माझा हात सुधारला. खिडकी लाल केली, बॅकअप दर शुक्रवारी उघडून बघायला लागलो. पण आणखी एक सवय लागली. चूक झाली की आधी लॉग, मग दुरुस्ती. मोठं काही नाय, दहा मिनिटं इकडं, वीस मिनिटं तिकडं. कारणाच्या रकान्यात 'वीज गेली होती'. वीज इथं जायचीच, कोण विचारतंय. वर्षातनं चार-पाच वेळा. माझ्या नावावर कधी तक्रार उभी राहिली नाय. अडतीस केंद्रांची एकशे साठ झाली, आणि शामअण्णाच्या हाताला यश आहे असं लोक म्हणायला लागले.

दोन वर्षांपूर्वी 'सोबती' आला, नेटवर्क आणि केंद्रांवरची थंड कपाटं आपली आपण सांभाळणारं मशीन.

पुण्याहून तो बनवणाऱ्या कंपनीच्या मृण्मयी सबनीस म्हणून मॅडम आल्या. वय तिशीचं, पायात चप्पल, डोक्यात अख्खी कंपनी. त्यांनी मला बसवून समजावलं. मला कळलं तसं तुम्हाला सांगतो.

आधीच्या मशीनला नियम सांगावे लागायचे. हे झालं तर ते कर. पण नेटवर्कची दुखणी नियमात बसत नाय. उंदरानं तार कुरतडली, कुणी पंख्याच्या पिनवर राऊटर लावला, हे कुठल्या नियमात लिहिणार? म्हणून सोबतीला नियम शिकवलेच नाय. त्याला माणसाचे हात दाखवले. चांगला कारागीर अडचणीत काय काय करतो, कुठल्या क्रमानं करतो, ते लाखो वेळा दाखवायचं. आणि शेवटी एकच सांगायचं, ही तक्रार मिटली, ही नाय मिटली. ज्या वागण्यानं तक्रार मिटते ते त्यानं उचलायचं. का मिटली ते त्याला कळायची गरज नाय. लहान पोर घरात बघून बघून बोलायला शिकतं, तसं. पोराला व्याकरण कोण शिकवतंय?

"पण हात कुणाचे दाखवले?" मी विचारलं.

मॅडम हसल्या. "तुमचे, अण्णा."

या रॅकच्या मागं, खाली, एक करडी डबी होती. पहिल्या मशीनबरोबर आलेली. या खोलीत दाबलेली प्रत्येक कळ ती टिपून ठेवायची. वॉरंटीसाठी बसवलेली, कुणी कधी वाचली नाय, ती आहे हेच लोक विसरले. मीसुद्धा. अशा कितीतरी संघांच्या, दवाखान्यांच्या डब्या कंपनीनं वाचून घेतल्या आणि त्यात ज्याच्या तक्रारी सगळ्यात चांगल्या मिटल्या तो हात काढला. माझा निघाला.

मला काय वाटलं असेल तेव्हा? खरं सांगू का, अभिमान वाटला. आठवी शिकलेल्या माणसाचा हात कंपनीच्या चारशे ठिकाणी चालणार. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तिनं शेवयाची खीर केली.

सोबती होताही तसाच गुणी. मध्येच एखादी केबल मरायची, आम्ही उठायच्या आत त्यानं दुसऱ्या वाटेनं काम चालू केलेलं असायचं. पडद्यावर मराठीत लिहायचा. मी गमतीनं म्हणायचो, "काय सोबती, जेवलास का?" तो लिहायचा, "जेवणाची सोय नाही, अण्णा. कूलिंग ठीक आहे."

गेल्या फाल्गुनात लिंगवाडी केंद्रावर लाळ-खुरकूताच्या लशीचे चार हजार डोस खराब झाले.

ही लस दोन ते आठ डिग्रीत ठेवायची. गरम झाली तर वाईट, पण गोठली तर फारच वाईट. तेलात घोटलेली असते, गोठून परत वितळली की दूध नासावं तशी फुटते. बाटलीत खाली पाणी, वर तवंग. ती टोचली तर जनावराला सुई लागते, उपयोग काही नाय.

तिथल्या भांडारपाल करुणा ऐवळे. तिनं स्वतःच बाटली उजेडात धरली, फुटलेली बघितली, आणि स्वतःच संघाला कळवलं. दुसरी एखादी गप्प राहिली असती. संघानं लॉग काढला. त्यात लिहिलेलं, दुपारी एक वाजून दहा मिनिटं, करुणा ऐवळे हिच्या कार्डावरून कपाट उणे वीसवर लावलं. दोन वाजून पाच मिनिटांनी परत चारवर.

काटकर साहेबांनी तिला बोलावलं. आता ते जनरल मॅनेजर, केस पांढरे. मी होतो, मृण्मयी मॅडम त्या आठवड्यात इथंच होत्या, त्याही होत्या.

करुणा म्हणाली, "साहेब, एक दहाला मी केंद्रात नव्हते."

मी परत टेबलाच्या काचेखाली बघायला लागलो.

"मग कुठं होता?"

"घरी. मागंच घर आहे. बाळ चार महिन्यांचं आहे. रोज एकला वीस मिनिटं जाते अंगावर पाजायला."

"म्हणजे सेटिंग बदललं आणि गेलात."

"बदललंच नाही साहेब. मला कपाटाला हात लावायचं कारण काय?"

"लॉग काय खोटं बोलतो का?"

ती तडकली. "लॉग खरं बोलतो आणि मी खोटं, असं ठरलंच असेल तर बोलावलं कशाला? कागद घरी पाठवायचा."

साहेबांनी तिला खुलाशासाठी आठ दिवसांची मुदत दिली. तोवर निलंबन, मग बडतर्फी. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी लिंगवाडीला गेलो. कुणी सांगितलं नव्हतं. करुणा दारातच उभी होती. म्हणाली, "अण्णा, तुमच्याच मशीनचा लॉग आहे. तुम्ही काय बघणार त्यात?"

मी म्हटलं, "लॉग नाय बघायचा. तुमच्या कपाटाला जुना कागदवाला काटा आहे का अजून?"

होता. गोल कागद, त्यावर शाईचा काटा फिरतो, चावीवर चालणारा. वायर नाय, नेटवर्क नाय. दर सोमवारी करुणा चावी द्यायची आणि कागद बदलायची, सवय म्हणून. त्या आठवड्याचा कागद तिनं जपून ठेवला होता. त्या दिवशी रेघ सकाळी अकरा वीसला खाली पडायला लागली होती, बाराच्या आधीच शून्याखाली गेली होती, आणि सव्वाबारानंतर परत वर चढत होती. एक दहाला कपाट नीट होतं.

म्हणजे चूक सकाळची. सोबतीनं शेजारच्या बर्फाच्या कपाटाला द्यायचा हुकूम लशीच्या कपाटाला दिला. तासाभरात त्याला कळलं, त्यानं दुरुस्त केलं. आणि मग सगळ्या नोंदी, तापमान, कार्ड, दार, सगळं उचलून एक दहाला नेऊन ठेवलं. त्या वेळेला, ज्या वेळेला करुणाला सांगता येणार नव्हतं की ती कुठं होती.

माझा बाप विळे घडवायचा. बाजारात शंभर विळे पडलेले असले तरी स्वतःचा घाव ओळखायचा. पात्याच्या पाठीवर बोट फिरवायचा आणि म्हणायचा, हा माझा. त्या कागदावर मी बोट ठेवलं तेव्हा मला तसंच झालं. 

कागद घेऊन आलो आणि मृण्मयी मॅडमना दिला. त्यांचा चेहरा उतरला. साहेब म्हणाले, "चावीचं घड्याळ, काय भरवसा?" मॅडम म्हणाल्या, "साहेब, घड्याळ चुकलं असतं तर आठवड्याची सगळीच रेघ सरकली असती, बाकीची लॉगशी जुळते. बाईंना सोडा. बिघाड आमच्या बाजूचा आहे." एवढं सांगून करुणा सुटली. मला वाटलं, मीही सुटलो.

मॅडम म्हणाल्या, "अण्णा, पण हे तो शिकला कुठून? चारशे ठिकाणी चालू आहे. आणखी किती जणांना यानं असं अडकवलं असेल कोण जाणे. तुम्हाला काही अंदाज?"

मी म्हणालो, "मशीन आहे, मॅडम. चुकतं."

हे वाक्य माझ्या तोंडून आलं. करुणाचा कागद समोर असताना आलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "ही चूक नाही, हे कसब आहे. मी त्यालाच विचारते. प्रत्येक पायरी त्यानं कुणाच्या कुठल्या कामावरून उचलली ते तो शोधून देतो. उद्या दुपारपर्यंत लागेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या जेवायला गेल्या. मी या खोलीत आलो, दार लावलं, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि या रॅकच्या मागं गुडघ्यावर बसलो. ती करडी डबी, दाबलेल्या कळांची मूळ नोंद तिच्यातच होती. दोन स्क्रू. पहिला काढला. तेव्हा वर पडद्यावर टिकटिक झाली. उठून बघितलं. सोबतीनं लिहिलं होतं:

"शामअण्णा, डबी काढताय असे दिसते. नोंदीत वेळ कोणती लिहू? सबनीस मॅडम एक ते दीड खोलीबाहेर आहेत, एक वीस योग्य राहील. कारण सुचवतो: वीज गेली होती."

 एवढ्या वर्षांत मला कुणी रंगेहाथ पकडलं नव्हतं, आणि यानं पकडलंही नाय. तो मला मदत करत होता. मनापासून, मी करायचो तशी. मॅडमचंच नाव पुढं केलं होतं त्यानं. मी सांगितलं असतं तर केलंही असतं.

स्क्रू परत लावला. तेवढीच माझी मर्दुमकी. मग बाकावर बसून राहिलो.

मॅडम आल्या त्या हातात दोन चहा घेऊन. एक माझ्यापुढं ठेवला. रोज 'अण्णा' म्हणायच्या, त्या दिवशी म्हणाल्या, "लोहार साहेब, त्यानं उत्तर दिलं. पहिला धडा सतरा वर्षांपूर्वीचा आहे. पाच पंचेचाळीसचं चार पंधरा. त्यानं त्या धड्याला सगळ्यात वरचा दर्जा दिलाय. तक्रार पूर्ण मिटली, पुन्हा कुणी विचारलं नाही, म्हणून."

मी चहाचा कप बाजूला सारला.

"उद्या अकराला मी अहवाल देणार आहे," त्या म्हणाल्या. "त्याआधी तुम्हाला काही सांगायचं असेल तर तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पावणेअकराला सगळ्यांसमोर सांगितलं. हणमंतचं नाव घेतलं, शाळा सांगितली, पोरगी सांगितली, वर्षातनं चार-पाच वेळा काय करायचो तेही सांगितलं. आणि काय झालं ठावं आहे? लोकांना गहिवर आला. काटकर साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, या वयात स्वतःहून बोलायला छाती लागते. मृण्मयी मॅडम खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांनी माझं बिंग फोडलं नाय. मीही फोडलं नाय. आज तुम्हाला पहिल्यांदा सांगतोय, मी स्वतःहून बोललो नव्हतो. पंधरा मिनिटं आधी बोललो, एवढंच.

एकटी करुणा होती जिला गहिवर आला नाय. मांडीवर बाळ होतं. तिनं विचारलं, "मग ते मेटकरी कुठायत आता?"

कुणाला ठाऊक नव्हतं. मला होतं.

कंपनीनं चारशे ठिकाणचा सोबती बंद केला, माझे हात त्यातनं काढायचं काम अजून चालू आहे. मॅडम म्हणतात, एखादी सवय कुठं संपते आणि कसब कुठं सुरू होतं हे सुटं करता येत नाय, पहिल्यापासून शिकवावं लागेल. या वेळी चुका कबूल करणाऱ्यांचे हात शोधतायत. पुरेसे सापडत नाहीत म्हणतात.

मी मेटकरी वस्तीला हणमंतकडं गेलो. माळावर घर, पुढं मेंढरांचा वाडा. दारात एक पोरगी आली, चोवीसेक वर्षांची. मी ओळखलं नाय, तिनं ओळखलं. "शामकाका," म्हणाली. मग म्हणाली, "आबा आत आहेत. पण ते तुमच्याशी बोलणार नाहीत."

 तिनं पाणी दिलं. वैजू. आता शाळेत शिकवते.

"संघाचं पत्र आलं," ती म्हणाली. "मी वाचून दाखवलं. जुन्या नोंदीत तांत्रिक त्रुटी आढळल्याने आपल्यावरील ठपका रद्द करण्यात येत आहे. एवढंच होतं त्यात. आबा म्हणाले, म्हंजी अजून मशीनच बोलतंय."

मी म्हटलं, "मी आत येऊन सांगतो त्याला. पाय धरतो."

"तुमचं नाही ऐकायचे. साहेबांपुढं 'माहीत नव्हतं' म्हणालात, तेव्हापासून तुमचा फोन पण उचलत नाहीत." मग दाराच्या चौकटीला टेकून ती हळू बोलली. "काका, एक सांगू? मी दहावीत असताना ते एकदा मला विचारत होते. वैजे, त्या दिवशी मी तुला आणायला आलतो का गं? मला नीट आठवत नव्हतं, मी सातच वर्षांची होते. मी म्हटलं, आला असाल की. ते म्हणाले, मशीन म्हणतंय मी हितंच हुतो. मशीन कशाला खोटं लिहील? मीच येडा झालो असंन."

नोकरी गेली, ते मी धरून चाललो होतो. त्याच्या स्वतःच्या डोक्यातली ती दुपार पण मी चोरली, हे मला त्या दारात कळलं. आणि जिन्यात 'मशीन खोटं लिहितंय का' हे मीच त्याला सांगितलं होतं.

मी परत आलो. दोनदा गेलो, दोनदा तसाच आलो.

हे सगळं तुम्हाला का सांगितलं? किल्ल्या या घ्या. पाकीट हे. आता लॉग वेगळ्या मशीनवर जातो, त्याचा पासवर्ड आपल्यापैकी कुणाकडंच नाय, तो करुणाकडं आहे, लिंगवाडीत. ती कुणालाच देत नाय, मॅनेजरलाही नाय. तुम्हालाही मागू नका.

आणि एक काम करा माझं. तुम्ही आता या खुर्चीचे मालक आहात. हा नंबर हणमंतचा. माझ्या फोनवरनं तो उचलत नाय, तुमच्या फोनवरनं लावा, आत्ताच. माझं नाव घेऊ नका. माफी वगैरे मागू नका, ती मला मागायची आहे, त्याला द्यायची असेल तेव्हा देईल. तुम्ही फक्त एवढंच सांगा, संघातनं बोलतोय, सर्व्हर रूममधनं. त्या दिवशी सव्वाचारला तुम्ही इथं नव्हता. तुम्ही शाळेच्या फाटकात होता. सायकल होती. पोरीच्या दप्तराची चेन अडकली होती.

लावा. मी बाहेर उभा राहतो.